एकच बेट, सात रात्री : नागपूरहून शहीद द्वीपाला जाताना

अंदमानला जायला परमिट लागतं का? आधी विमानाचं तिकीट काढायचं की बोटीचं? पोहता येत नसेल तर जाण्यात अर्थ आहे का? आणि समुद्र खवळून बोट रद्द झाली, तर पैसे कोण परत देणार? नागपुरातले दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी बेटावर आठवडाभर राहायचं ठरवू लागले, की हेच प्रश्न फिरून फिरून पुढे येतात. कोणत्याही किनाऱ्यापासून इतक्या लांब वाढलेल्या माणसाला भरती-ओहोटी आणि बोटींची वेळापत्रकं अंगवळणी पडलेली नसतात. त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे.

त्यात हाती पडते ती टूरवाल्यांची ठरावीक योजना : पाच-सहा दिवसांत तीन हॉटेलं आणि एक दिवसाआड बॅग भरून जेट्टीवर रांग. ज्यांना सगळं पाहून यायचं आहे त्यांच्यासाठी ती ठीक आहे. पण दोघांना निवांत राहायचं असेल तर ती घेऊ नये. एकच लहान बेट निवडा, तिथे सलग पाच रात्री राहा आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुख्य शहरात परत या. खालची माहिती हे एवढं जमवण्यासाठी आहे.

आधी नावांचा आणि परवानगीचा गोंधळ मिटवा

३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम करण्यात आलं. विमान, बोट आणि हॉटेलांच्या संकेतस्थळांवर मात्र जुनी-नवी दोन्ही नावं आढळतात. शोधताना दोन्ही टाकून पाहा. एका नावाने बोट दिसली नाही म्हणून ती नाहीच, असं समजू नका.

परवानगीचं उत्तर सोपं आहे. भारतीय नागरिकाला श्री विजयपुरम, स्वराज द्वीप किंवा शहीद द्वीप इथे जायला वेगळं परमिट लागत नाही. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट यांपैकी एक मूळ ओळखपत्र जवळ हवं. तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळायला हवं. आदिवासी राखीव क्षेत्रात जायला मात्र बंदी आहे. त्यासाठी १९५६ पासून स्वतंत्र विनियम लागू आहे.

‘परमिट लागतं’ हा समज बहुधा लक्षद्वीपवरून आलेला असतो. तिथे बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना काढावाच लागतो, राहण्याची सोय मोजकी आहे आणि वाट मुख्यतः कोचीवरून जाते. हौस असेल तर जरूर जा, पण तयारी काही महिने आधी सुरू करा. पहिल्यांदाच बेटावर जाणाऱ्या दोघांसाठी अंदमान सोयीचं.

स्वराज की शहीद?

स्वराज द्वीप मोठं आहे. राधानगरचा किनारा, डायव्हिंगच्या अनेक शाळा, खाण्यापिण्याचे भरपूर पर्याय आणि त्याबरोबर येणारी गर्दी तिथे आहे. रोज काहीतरी करायचं असेल तर ते निवडा. निवांत राहायचं असेल तर शहीद द्वीप.

शहीद द्वीपाचं क्षेत्रफळ जेमतेम १४ चौरस किलोमीटर. रस्ते बरेचसे सपाट, त्यामुळे सायकलने अख्खं बेट फिरता येतं. सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर आणि नील केंद्र ही इथली गावं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे जमिनी दिल्या आणि त्यांनी जंगल साफ करून शेती उभी केली. त्याच उलथापालथीतून आलेली बंगाली कुटुंबं गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी-मुलचेरा भागातही वसवली गेली. त्यामुळे ही वस्ती विदर्भातल्या वाचकाला अगदीच अनोळखी वाटणार नाही.

याचा व्यवहारातला फायदा ताटात दिसतो. अंदमानातल्या इतर बेटांना भाजीपाला पुरवणारं बेट म्हणून शहीद द्वीप ओळखलं जातं. ‘बेटावर शाकाहारी माणूस उपाशी राहील’ ही भीती इथे बाळगण्याचं कारण नाही. मासे खाणाऱ्याला बाजारातल्या साध्या खानावळीत भात, डाळ, भाजी आणि माशाचा रस्सा अशी थाळी मिळते.

कधी जावं

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा. मुंबईत पाऊस पोहोचण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, मेच्या उत्तरार्धात, मोसमी पाऊस अंदमानात दाखल होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही काळ. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी हे धरूनच चालावं.

डिसेंबर २०१६ चं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ झालेल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे अंदमानात मुसळधार पाऊस झाला, बोटी थांबल्या आणि हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक आणि नील बेटांवर अडकून पडले. शेवटी नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. असं दर वर्षी होत नाही. पण बोट एक दिवस बंद राहणं ही तिथली नेहमीची बाब आहे. म्हणून विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम श्री विजयपुरमलाच हवा. पैसे वाचवायला ही रात्र कापू नका.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळता आला तर उत्तम. त्या काळात दर चढतात आणि बोटी लवकर भरतात. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीत समुद्र बराच शांत असतो.

नागपूर ते जेट्टी : क्रम असा ठेवा

१. आधी विमान. नागपूरहून थेट विमान नाही. कोलकाता, चेन्नई, बंगळुरू किंवा हैदराबाद यांपैकी एका ठिकाणी विमान बदलावं लागतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं कधी स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही.

२. मग बेटावरची खोली. पाच रात्री एकाच ठिकाणी घेतल्यावर दर कमी करून मागायला हरकत नाही. रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे लेखी घ्या. ‘हवामानामुळे बोट रद्द झाली तर तारीख बदलून द्याल का?’ हा प्रश्न नेमका याच शब्दांत विचारा आणि उत्तर ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर मागा.

३. मग बोट. मुक्कामाच्या तारखा नक्की झाल्यावर खासगी बोटीची जाण्या-येण्याची तिकिटं काढा.

४. शेवटी विमा. प्रवासातला खंड, चुकलेली जोडविमानं आणि वैद्यकीय स्थलांतर यांचा समावेश आहे का, ते पाहा. डायव्हिंग करणार असाल तर साहसी खेळ वगळले आहेत का, तेही तपासा. पुष्कळ पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजंही जातात. त्यांना एका बाजूने साधारण तीन दिवस लागतात आणि फेऱ्या मोजक्या असतात. आठवड्याच्या सुटीत ते बसत नाही.

सरकारी बोट आणि खासगी बोट

खासगी वेगवान बोटी श्री विजयपुरमहून शहीद द्वीपाला साधारण तास-दीड तासात पोहोचवतात. मॅक्रुझ, ग्रीन ओशन, नॉटिका ही त्यातली ओळखीची नावं. जागा आधी नोंदवता येते, आतला कक्ष वातानुकूलित असतो. काही बोटींत प्रवासभर काचेआड बसावं लागतं. ज्यांना उलटीचा त्रास होतो त्यांनी डेकवर जाता येणारी बोट निवडावी आणि डॉक्टरांना विचारून गोळी बोट सुटण्याआधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी कामाची नसते.

सरकारी बोट बरीच स्वस्त, थोडी हळू, आणि तिच्यात मोकळा डेक असतो. पण ती बेटावरच्या लोकांची एसटी आहे. आजारी माणूस, परीक्षेला निघालेली मुलं, भाजीच्या पाट्या, सगळं तिच्यावरच अवलंबून असतं आणि जागांमध्ये बेटवासीयांना प्राधान्य असतं. ते योग्यच आहे. जाताना खासगी बोट पक्की करावी, आणि येताना तारखेत मोकळीक असेल तरच सरकारी बोटीचा विचार करावा.

दोन गोष्टी हमखास चुकतात. सगळ्या बोटी एकाच धक्क्यावरून सुटत नाहीत : सरकारी बोटी मुख्यतः फिनिक्स बे जेट्टीवरून, तर खासगी बोटी बहुधा हॅडो धक्क्यावरून निघतात. तिकिटावरचं ठिकाण वाचून रिक्षा ठरवा. दुसरं, सुटण्याच्या तासभर आधी पोहोचा. सामानाची आणि ओळखपत्राची तपासणी होते, आणि बोट उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत नाही.

सात रात्रींची मांडणी

पहिली रात्र श्री विजयपुरमला. विमान दुपारपर्यंत उतरलं तर सेल्युलर जेल त्याच दिवशी पाहून होतं. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी तीन आज उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ इथे कैदेत होते आणि विमानतळालाही त्यांचंच नाव आहे. मराठी माणसाची पावलं इथे वळतातच. त्यासाठी घाई न करता दोन-तीन तास ठेवा. ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची भाषा आणि वेळ त्याच दिवशी विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने शहीद द्वीप, आणि पुढच्या पाच रात्री तिथेच. सातवी रात्र पुन्हा श्री विजयपुरमला.

बेटावरच्या दिवसांचं वेळापत्रक बनवू नका. फक्त दोन गोष्टी पाहा : सूर्य आणि पाणी.

अंदमानात घड्याळ आपलंच, पण सूर्य नागपूरपेक्षा पाऊण ते एक तास आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होऊन जातो. नागपूरच्या सवयीने दहाला नाश्ता करून बाहेर पडलात, तर दिवसाचा चांगला भाग संपलेला असतो. पहाटे पाचला सीतापूरच्या किनाऱ्यावर जा, दुपारी झोपा, चारला लक्ष्मणपूरला पोहोचा. असा दिवस इथे जमतो.

भरती-ओहोटी समजून घेणं मात्र खरोखर महत्त्वाचं आहे. दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि तीच वेळ दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. घरच्या कालनिर्णयात तिथी पाहिली तरी अंदाज बांधता येतो : अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतं, अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो. याचा उपयोग असा :

- लक्ष्मणपूर भागातला नैसर्गिक खडकाचा पूल ओहोटीतच पाहता येतो. गावकरी त्याला ‘हावडा पूल’ म्हणतात. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की परत फिरा. वाट ओल्या, धारदार खडकांवरून जाते, त्यामुळे पकड असलेले बूट घाला, चपला नकोत.
- त्याच खडकांमधल्या डबक्यांत छोटे मासे, खेकडे, समुद्रकाकड्या, जिवंत प्रवाळ दिसतात. ज्याला पोहता येत नाही, त्याच्यासाठी या बेटावरचं हे सगळ्यात सुंदर दृश्य आहे. एक तरी सकाळ त्यासाठी ठेवाच.
- पोहायला आणि स्नॉर्कलिंगला मात्र पाणी हवं. भरतपूरच्या उथळ किनाऱ्यावर ओहोटीत उतरलात, तर पाय प्रवाळांवर पडतात. पाय कापतो आणि प्रवाळ मरतं.

अमावास्येला किंवा पौर्णिमेला लागून आठवडा निवडला तर ओहोटीत खडक चांगले उघडे पडतात. तारखा आपल्या हातात असतील तर एवढं जरूर पाहा. नेमकी वेळ रोज सकाळी हॉटेलात विचारा. तिथल्या माणसांना ती तोंडपाठ असते.

पाण्यात उतरण्यापूर्वी

प्रशिक्षकासोबतच्या पहिल्या स्कूबा डाइव्हसाठी पोहता यायलाच हवं असं नाही. खोली सहसा १२ मीटरच्या आत असते. पण आधी भरून घेतला जाणारा वैद्यकीय फॉर्म गांभीर्याने भरा. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, काहीही लपवू नका. पैसे भरले म्हणून सर्दी असताना उतरणं धोक्याचं आहे. कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते.

डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तासांचं अंतर ठेवा. पाण्याखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. शेवटची रात्र श्री विजयपुरमला काढण्याचं हे दुसरं कारण.

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकच्या किनाऱ्याजवळ मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. घाबरून पाण्यात जाणंच सोडायची गरज नाही. पण खारफुटीजवळ, खाडीच्या तोंडाशी आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नका. धोक्याची पाटी असेल तर ती पाळा.

जायच्या आधी महिनाभर शहरातल्या जलतरण तलावात जाऊन निदान पाठीवर तरंगायला शिका. लाइफ जॅकेट घालूनही पाण्याची धास्ती असेल, तर स्नॉर्कलिंगचा सगळा वेळ दोरी धरण्यात जातो.

दोघांनी आधी बोलून घ्यायच्या गोष्टी

मैत्री जुनी असली, तरी सात रात्री एका खोलीत राहण्याची सवय असतेच असं नाही. निघण्याआधी एका संध्याकाळी बसून एवढं ठरवा :

- रोजच्या खर्चाची वरची मर्यादा काय? एकाला डाइव्ह करायची आहे आणि दुसऱ्याला नाही, तर तो खर्च ज्याचा त्याने करायचा.
- सामायिक खर्च एकाने करायचा की निम्मा-निम्मा? रोज रात्री नोंद करा. शेवटच्या दिवशी सगळा हिशेब आठवत बसणं जड जातं.
- एकाला ऐन वेळी यायला जमलं नाही, तर रद्द करण्याचा भुर्दंड कोणी सोसायचा? विमानाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करून मिळत नाही, त्यामुळे हा प्रश्न टाळू नका.
- रोज काही तास वेगळे. एकाने झाडाखाली वाचत पडावं, दुसऱ्याने सायकल घेऊन जावं. लहान बेटावर हे अगदी सुरक्षितपणे जमतं, फक्त परतायची वेळ सांगून ठेवा.

मित्र आणि मैत्रीण असे दोघं जात असाल, तर हॉटेल खोली देईल का, ही शंका वारंवार येते. दोन सज्ञान अविवाहित व्यक्तींनी हॉटेलात एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी काही हॉटेलं आपले नियम लावतात. आरक्षण करतानाच दोघांची नावं कळवा आणि होकार लेखी घ्या.

सोबत काय न्यावं, काय आणू नये

रोख रक्कम पुरेशी न्या. एटीएम बंद असणं किंवा नेटवर्क नसल्याने यूपीआय अडकणं इथे नवं नाही. चेन्नईहून येणारी समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, पण तिने थेट जोडलेल्या बेटांच्या यादीत स्वराज द्वीप आहे, शहीद द्वीप नाही. कार्यालयाला ‘तिथून ऑनलाइन काम करतो’ असं वचन देऊन निघू नका. तिकिटांच्या कागदी प्रती जवळ ठेवा.

नेहमीची औषधं दहा दिवसांची घ्या. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठा इलाज श्री विजयपुरमच्या जी. बी. पंत रुग्णालयात. डास आणि वाळूतल्या बारीक माश्यांसाठी मलम, सुती कपडे आणि पाण्याची स्वतःची बाटली हवीच. नागपूरचा उन्हाळा कोरडा, इथली हवा दमट. घाम वाळत नाही, त्यामुळे तहान न लागताही पाणी पीत राहा.

किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलू नका, मेलेला वाटला तरी. खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काही शंखांनाही या कायद्याचं संरक्षण आहे. विमानतळावर सामान तपासताना ते पकडले जातात. शंखाची वस्तू विकत घ्यायचीच असेल, तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती जपून ठेवा.

काही बिघडलं तर तुमचे हक्क

विमान कंपनीने फेरी रद्द केली, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक निवडण्याचा हक्क तुमचा आहे. वेळेत कळवलं नसेल, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतली जी रक्कम कमी असेल ती भरपाई मिळते. खराब हवामानासारख्या कारणांसाठी ही भरपाई नाही, परतावा किंवा पर्यायी विमान मात्र मिळतंच. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल, तरीही पर्यायी विमान किंवा परतावा मागता येतो. काउंटरवर केवळ ‘क्रेडिट’ देऊ केलं, तर ते स्वीकारण्याची सक्ती नाही.

बोटींना हे नियम लागू नाहीत. बोटीच्या कंपनीने फेरी रद्द केली तर तिकिटाचे पैसे मागा, पण त्यामुळे चुकलेल्या विमानाची भरपाई तिच्याकडून मिळेल असं धरून चालू नका. तिथे उपयोगी पडेल तो विमा.

नागपुरातल्या एजंटकडून पॅकेज घेत असाल, तर हॉटेलची नावं, बोट आणि तिचा वर्ग, जेवण, परताव्याची अट हे सगळं पावतीवर लिहून घ्या. पैसे संस्थेच्या खात्यावर भरा, कोणाच्या वैयक्तिक क्रमांकावर नाही. ‘किंवा तत्सम हॉटेल’ असं लिहिलं असेल, तर तत्सम म्हणजे कोणतं, ते विचारा.

वाद झालाच तर आधी लेखी तक्रार करा. विमानासाठी एअरसेवा पोर्टल आहे, बाकी सगळ्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तेवढ्याने भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे हॉटेल अंदमानात आणि कंपनी गुरुग्रामला असली, तरी तक्रार नागपुरातच दाखल होते. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तोवर बोर्डिंग पास, पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका.